जखमी बॉक्सर थांबला तर तो भेकड कसा?

गेल्या काही दिवसांपासून ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी कुटुंबांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. ‘जखम झाली म्हणून लढत अर्धवट सोडणारा बॉक्सर भेकड असतो’ असा त्याचा मथळा असून खाली पाच मुद्दे दिले आहेत. माझा 17 वर्षांचा भाचा बॉक्सिंग शिकतो. त्याने तो संदेश स्टेटसला लावला आणि त्याच रविवारी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी जेवायला बसला असताना, तांब्यातले पाणी पेल्याशेजारी ताटातच ओतले. त्याला एकाचे दोन पेले दिसत होते. तीन दिवसांपूर्वी सरावात डोळ्याखाली ठोसा बसूनही उरलेल्या दोन फेऱ्या तो तसाच खेळला होता आणि घरी कोणाला काही बोलला नव्हता. डोळ्याच्या खोबणीच्या तळाचे हाड तडकल्याचे स्कॅनमध्ये निघाले, आणि नाकसुद्धा शिंकरायचे नाही, अशी सक्त ताकीद डॉक्टरांनी दिली.

संदेशातला पहिला मुद्दा असा की, मुहम्मद अली जबडा मोडलेला असताना लढला आणि जिंकला. तो लढला हे खरे आहे. परंतु 31 मार्च 1973 ची केन नॉर्टनविरुद्धची ती लढत अली हरला होता. एवढे तरी पाहून लिहायला हवे होते.

दुसरा मुद्दा भारतीय बॉक्सर सतीश कुमारचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 13 टाके घालून तो उपांत्यपूर्व फेरीत उतरला, याचा मलाही अभिमान वाटतो. मात्र वैद्यकीय तपासणीत तंदुरुस्त ठरल्यावरच त्याला रिंगमध्ये जाता आले होते. टाके घातलेली, डॉक्टरांनी पाहिलेली जखम आणि कोणालाच न सांगितलेली जखम यांत फार अंतर आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. ‘लढत थांबवणे हे पंचांचे आणि डॉक्टरांचे काम आहे, बॉक्सरला तो अधिकारच नाही, वेदना मनाची असते.’ हौशी बॉक्सिंगच्या नियमांत बॉक्सरने स्वतः माघार घेणे हा निकालाचा एक रीतसर प्रकार आहे, आणि व्यावसायिक लढतींतही असा निकाल नोंदवला जातो. नियम बाजूला ठेवले तरी पंचांना बाहेरून दिसणार किती? दोन पेले दिसतात, हात बधिर झाला आहे, डोके फुटेल असे दुखते आहे, हे ज्याचे त्यालाच कळते. मेंदू आणि त्याचे आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा फाटून रक्त साचू लागते, तेव्हा माणूस काही वेळ उभा राहतो, बोलतो, ठोसेही मारतो. 19 जुलै 2019 रोजी अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव या 28 वर्षांच्या रशियन बॉक्सरला अकराव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट थांबण्यासाठी विनवत होते आणि तो मानेनेच नाही म्हणत होता. शेवटी मॅकगर्ट यांनीच लढत थांबवली. दादाशेव रिंगमधून उतरला आणि थोड्याच वेळात कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तरी 23 जुलैला तो गेला. ‘नाही’ म्हणणे हेच शौर्य, असे त्याला कोणीतरी लहानपणापासून शिकवले असणार, आणि तेच आज आमच्या मुलांना मोबाइलवर शिकवले जात आहे.

‘एकदा माघार घेतलेला पुन्हा वर येत नाही’ हा चौथा मुद्दा. पनामाचा बॉक्सर रॉबर्टो दुरान 1980 मध्ये अमेरिकेच्या शुगर रे लेनर्डपुढे ‘आता पुरे’ म्हणत थांबला, हा संदेशातला दाखला. दुरानची ती माघार काही डोळ्यादेखत झालेल्या जखमेमुळे नव्हती आणि तिचा बचाव मी करणार नाही, हे मान्य. तरीही 1983 मध्ये तो पुन्हा विश्वविजेता झालाच. ब्रिटिश बॉक्सर डॅनियल दुबॉ नोव्हेंबर 2020 मध्ये जो जॉइसविरुद्ध दहाव्या फेरीत गुडघा टेकून बसला, तेव्हा जुन्या बॉक्सरांनीही त्याला नावे ठेवली होती. नंतर कळले की त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते. त्याच दुबॉने सप्टेंबर 2024 मध्ये वेम्बलीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत आडवे केले. गुडघा टेकला नसता तर त्या डोळ्याचे काय झाले असते, याचा विचार करावा. प्रेक्षकांच्या तिकिटाच्या पैशांचा पाचवा मुद्दा उत्तर देण्याच्या लायकीचा नाही.

संदेशाचा शेवट ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ या दत्ताजी शिंद्यांच्या उद्गारांनी केला आहे, आणि तोही ग्वाल्हेरच्या लोकांसाठी. बुराडी घाटावर दत्ताजी धारातीर्थी पडले. पण ते रणांगण होते, तीन फेऱ्यांची स्पर्धा नव्हती, आणि त्या वाक्याचा आरंभच मुळी ‘बचेंगे तो’ असा आहे. त्यांचे धाकटे बंधू महादजी वर्षभराने पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले. राणेखान भिस्त्याने त्यांना तेथून काढले, आणि महादजी निघाले. जन्मभर लंगडत राहिलेल्या त्याच महादजींनी 1772 मध्ये मुघल बादशहा शाह आलमला दिल्लीत आणले. त्या दिवशी ते मैदानातून निघाले नसते, तर आमच्या लष्करच्या शिंदेशाहीचा इतिहास कोणी लिहिला असता?