दादा, सही-शिक्का आणू नकोस

सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय आणि तो वाचून माझं डोकं तापतं. भाची एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिला चार क्रेडिटचं, म्हणजे 120 तासांचं, ऑन जॉब ट्रेनिंग करायचंय. तिने शहराच्या पूर्व भागातल्या, विडी आणि माग कामगारांच्या वस्तीतल्या, बचत गटांना हिशेब, किंमत ठरवणं, विक्री शिकवायचं ठरवलंय. दादा म्हणतो, "ओळखीच्या कारखान्यातून ट्रेनिंग झाल्याचा सही-शिक्का आणू. तेवढ्या वेळात बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर. भाकरी थापणाऱ्या बायकांना शिकवायला एम.कॉम. कशाला?" सगळ्या काकांनी त्याचीच री ओढली.

मी ग्लासगोत हेच काम करते. कम्युनिटी डेव्हलपमेंटच्या पदवीत प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम शिकणं, सक्तीची होती, म्हणून ते मला येतं. ग्लासगोच्या गोवनहिल भागातल्या एका चर्च हॉलमध्ये घरगुती चटणी विकू पाहणाऱ्या एका बाईबरोबर किंमत काढत होते. बरणी, झाकण, तेल, सगळं तिने लिहिलं. स्वतःचे तास मात्र एकदाही नाहीत. काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, धंदा सुरू करण्याच्या 28 दिवस आधी नोंदणी करायची, 14 अ‍ॅलर्जी देणाऱ्या घटकांपैकी शेंगदाणे लेबलवर ठळक छापायचे, हे मी पाठ करून गेले होते. तरी ती पुढे सरकेना. खरं कारण चहाच्या सुट्टीत निघालं. विक्री झाली तर युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, कापलं जाईल, ही तिची भीती होती. मागे बसून टिपणं काढणाऱ्या माझ्या सुपरवायझरने नंतर एवढंच विचारलं, "तू किती बोललीस आणि ती किती बोलली?" हा प्रश्न कुठल्याही पेपरात येत नाही.

आता पूर्व भागाचं बघा. हजार बिड्यांना पान किती लागतं, छाट किती निघते, हे बिडी वळणाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. तिला हिशेब शिकवायला निघालेली मुलगी पहिल्याच दिवशी गप्प होईल, आणि ते व्हायलाच हवं. त्या बाईची अडचण वेगळी आहे. हजारीचा दर तिला आयुष्यभर दुसऱ्यानेच सांगितला. तीच बाई उद्या कडक भाकरी किंवा शेंगाचटणी विकायला बसली, की स्वतःचा दर स्वतःच्या तोंडाने सांगताना तिची जीभ अडखळते. ते समजायला तिच्या ओट्यावर बसावं लागतं. कारखान्याच्या शिक्क्याने ते समजत नाही.

"तिकडे बसून बोलायला काय जातं? मुलांना फुकट राबवून घेतात," असं दादाने मला सुनावलं. राबवून घेतात, हे खरंच आहे. मलाही प्लेसमेंटमध्ये बसभाड्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. पण राज्य सरकारने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवलंच ना? मग विद्यापीठाच्या ट्रेनिंगलाही निदान प्रवासखर्च द्या, म्हणून भांडा. खोटी सही हा त्यावरचा उपाय कसा?

मला एवढं का लागतं, तेही सांगते. आमच्या पेठेतून पूर्व भागातला अशोक चौक चालत जाण्याएवढा. मागांची खडखड ऐकत, तंबाखूचा वास घेत मी मोठी झाले, पण त्या घरांत कधी गेले नाही. जायचं कारणच कुणी दिलं नाही. इथे रोमा बायकांच्या स्वयंपाकघरात माझी खुर्ची ठरलेली आहे. सोलापुरात एकाही पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या, घरात मला कुणी नावाने ओळखत नाही, आणि तरी इथे कुणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगते, मी चादरींच्या गावची. ते सांगताना आतून टोचतं.

भाचीला ते टोचू नये. तिची मैत्रीण तेलुगू बोलते, दोघी मिळून जाणार आहेत. दादा, रिक्षाभाडं मी पाठवते. तू फक्त तो शिक्का आणू नकोस.