ब्रेकचा पार्ट आहे हो, सीट कव्हर नाहीये

तीन महिने झाले. तीन महिने माझी काँटेसा, हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी, पार्किंगमध्ये चाकांना विटा लावून उभी आहे आणि कारण काय, तर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग, मिळत नाहीये. इंजिन ठणठणीत आहे, गिअरबॉक्सची तक्रार नाही, पत्र्याला कुठे गंज नाही, पण गाडी थांबवणारा पार्ट अख्ख्या पुण्यात मिळत नाही आणि जो मिळतो तो "बसेल हो, बसवून तर बघा" या दर्जाचा. डोकं फिरलंय माझं.

गाडी ९४ ची, क्लासिक, १.८ इसुझू इंजिनवाली. बाबांनी घेतलेली, मी तिच्यावरच शिकलो. जूनमध्ये आईला जेजुरीला नेलं होतं, येताना दिवे घाट उतरताना दुसऱ्याच वळणावर पेडल दगडासारखं कडक झालं. म्हणजे ब्रेक लागतच नव्हता असं नाही, पण पूर्ण ताकदीने दाबला तरी गाडी हळू व्हायला तयार नाही आणि डॅशबोर्डच्या खालून स्स्स्स आवाज. सेकंड टाकला, मग फर्स्ट, हँडब्रेक ओढत ओढत, पुढे ऊसाची ट्रॉली, मागे पीएमपीची बस, आई मागच्या सीटवर डोळे मिटून यळकोट यळकोट म्हणतेय. खाली वडकीला गाडी कडेला घेतली तेव्हा माझे पाय लटलट कापत होते. आई अजूनही त्या गाडीत बसायला तयार नाही आणि मी तिला बस म्हणणार पण नाही.

आता हे झालं कसं ते ऐका, कारण खरा राग इथून सुरू होतो. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचं, रबरांचं किट बदललं होतं. मी समोर उभा होतो, पोराने नवीन रबरं काढली आणि पेट्रोलच्या डब्यात बुडवून धुतली! मी म्हटलं अरे काय करतोयस, तर मालक मला म्हणतो, "दादा, वीस वर्षं हेच करतोय". ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही लागलं की ते फुगतं, ते फक्त ब्रेक ऑइलनेच धुवायचं असतं, ही ब्रेकच्या कामातली बाराखडी आहे. झालं, सहा महिन्यांत मागचं सील गळायला लागलं. बाहेर एक थेंब दिसत नाही पण डब्यातलं ऑइल कमी होतंय, कारण ते सगळं मागच्या बूस्टरमध्ये चाललेलं. मी दोनदा गाडी घेऊन गेलो, दोन्ही वेळा टॉपअप करून, एअर काढून, पैसे घेऊन परत पाठवलं. बूस्टरच्या आतला डायाफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, ऑइलमध्ये भिजून भिजून शेवटी घाटात फाटला.

टेस्ट दोन मिनिटांची आहे हो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारायचं, मग दाबून धरायचं आणि स्टार्टर मारायचा. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर जिवंत, नाही गेलं तर बूस्टर, इंजिनकडून येणारा होजपाइप किंवा त्यातला हवा एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व यातलं काहीतरी गेलंय. एकानेही ही टेस्ट केली नाही. मी घरी केली, पेडल जागचं हललं नाही. दाबून धरलं की इंजिनचं आयडलिंग पण बोंबलत होतं, फाटक्या डायाफ्रॅममधून हवा थेट इंजिनच्या हवा ओढणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जात होती म्हणून.

मग सुरू झाली वणवण. नाना पेठेत सलग चार शनिवार. पहिल्या दुकानात विचारलं तर "काँटेसा? अजून चालवता का?" अहो चालवतो म्हणून तर आलोय ना! दुसऱ्याने माळ्यावरून भलत्याच गाडीचा बूस्टर काढला, म्हणे दोन भोकं नवीन मारा, बसून जाईल. मी विचारलं पुशरॉड, म्हणजे बूस्टरचा जोर मास्टर सिलिंडरला देणारा दांडा, किती लांब आहे, तर माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याची कुंडली मागितली. पुशरॉड दोन-तीन मिलीने लांब असला तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, चिकटतात, गरम होतात, आखूड असला तर पेडल अर्धं खाली गेल्यावर ब्रेक धरतो. हे मिलीमीटरचं काम आहे आणि तिथे "होऊन जाईल शेठ" चाललंय. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं, बूस्टर काढूनच टाका, जुन्या गाड्यांना कुठे होता बूस्टर? अरे, ज्या गाड्यांना बूस्टर नव्हता त्यांचं पेडल आणि मास्टर सिलिंडर त्या हिशोबाने बनवलेलं असायचं! साधा हिशोब करा, समजा ९ इंची डायाफ्रॅम आहे, म्हणजे क्षेत्रफळ ४१० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, इंजिनच्या व्हॅक्यूममुळे दर चौरस सेंटिमीटरला सहाशे ग्रॅमच्या वर दाब मिळतो, म्हणजे जवळपास अडीचशे किलो जोर हवा तुमच्यासाठी लावत असते. तो काढून टाका म्हणतात! टनाच्या वरची गाडी, आत माणसं, आणि नवले पुलाचा उतार काय माझ्या मांडीच्या जोरावर उतरू?

आणि याच दुकानांत काँटेसाचे नवीन बॅज मिळतात. क्रोमच्या पट्ट्या मिळतात. डबल टोन हॉर्न, फॉग लॅम्प, लाकडी स्टिअरिंग, मापाचे सीट कव्हर, हवं ते मिळतं. जुन्या बाजारात एका रविवारी मला ओरिजिनल व्हीलकॅपचा अख्खा सेट दिसला, चकाचक. म्हणजे गाडी फोटोत छान दिसण्यासाठी लागणारं सगळं आहे, गाडी थांबण्यासाठी लागणारं काहीच नाही. याचं कोणालाच काही वाटत नाही याचाच मला जास्त त्रास होतो.

मग ऑनलाइन. दिल्लीच्या एका विक्रेत्याने फोटो पाठवला, काळाकुळीत नवाकोरा बूस्टर, "सेम टू सेम है सर, ओरिजिनल पीस". साडेसहा हजार आगाऊ भरले, वर कुरिअरचे वेगळे. बारा दिवसांनी खोकं आलं, उघडलं तर जुन्या गाडीतून उपटलेला बूस्टर, गंजावर काळा स्प्रे मारलेला, नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. व्हॅक्यूमच्या तोंडाला तोंड लावून हवा ओढली तर सरळ आरपार येतेय, म्हणजे हाही फाटका! फोन केला तर म्हणे ब्रेकचा माल रिटर्न नहीं होता. म्हणजे ब्रेकचा माल आहे हे रिटर्न घेताना कळतं, विकताना कळत नाही का रे? हा एखाद्याने विश्वासाने बसवला असता आणि बायकापोरांना घेऊन वरंध घाटात गेला असता तर? कोणाला जबाबदार धरायचं?

कोलकत्याच्या मलिक बाजारात पण फोन लावून झाले, गाडी तिकडे उत्तरपाड्यालाच बनायची म्हणून आशा होती. एकाने होय म्हटलं, मी स्टडमधलं, म्हणजे बूस्टर ज्या बोल्टांवर बसतो त्यांच्यातलं, अंतर मोजून सांग म्हटलं, त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. माप मागितलं की माणसं गायब होतात हा तीन महिन्यांचा अनुभव आहे.

शेवटी वाटलं, आपण पुण्यात राहतो, पिंपरी, चाकण, भोसरी, जगभरच्या गाड्यांचे पार्ट इथे बनतात, देशभरच्या गाड्या तपासणारी एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे, मग एक रबराचा डायाफ्रॅम का नाही बनवून मिळणार? भोसरीत तीन रबरवाल्यांकडे फाटका नमुना घेऊन गेलो. डाय बनवायचे पैसे वेगळे आणि कमीत कमी ५०० नग. एकाला दोन हवेत, फारतर ओळखीतल्या काँटेसावाल्यांचे मिळून पंधरा. त्यातल्या एका काकांनी निदान बसवून घेतलं, चहा दिला, रबर हातात घेऊन नीट बघितलं आणि खरं काय ते सांगितलं, की आत कापडाचा थर आहे, तो जमला नाही तर पहिल्या जोराच्या ब्रेकला फाटेल, मी असलं काम करून तुमच्या जिवाशी खेळणार नाही. सगळ्या वणवणीत हा एकच माणूस मला शहाणा भेटला. नाही म्हणाला, पण कारण देऊन म्हणाला.

आणि वर सरकारचं. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० केली. मी भरली. ग्रीन टॅक्सही भरला. २०२१ मध्ये व्हिंटेजचा नियम आणला तो पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, माझी त्यातही बसत नाही. म्हणजे भंगार म्हणायला जुनी आणि वारसा म्हणायला नवी. ठीक आहे, फी घ्या, तपासणी कडक करा, मला मान्य आहे, ब्रेक तपासलेच पाहिजेत. पण जुन्या गाडीला लागणारे ब्रेकचे पार्ट थोडेफार तरी कोणीतरी बनवत राहील याची काहीतरी सोय करा ना! आज होतं काय, तर खरा पार्ट मिळत नाही म्हणून माणूस जुगाड करतो, आणि ती जुगाडवाली गाडी तुमच्या माझ्या मागून सिग्नलला येते.

सोसायटीत रोज कोणीतरी सांगतं विकून टाक. चाळीस हजारांत भंगारवाला न्यायला तयार आहे म्हणे. बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना याच गाडीतून पर्वतीपर्यंत फिरवून आणलं होतं, तेव्हा "ब्रेक मस्त लागतायत रे" म्हणाले होते. नाही विकणार.

कोणाकडे बंद पडलेली काँटेसा असेल आणि तिचा बूस्टर काढायला देणार असाल तर मी स्वतः येऊन काढीन, नाशिक, कोल्हापूर, कुठेही. फक्त आधी इंजिन चालू करून ती पेडलची टेस्ट करा, इंजिन चालू होत नसेल तर नळीने हवा ओढून बघा धरतोय का, आणि चार स्टडमधलं अंतर आणि पुशरॉडची लांबी व्हर्नियरने मोजून सांगा. रंग मारलेले फोटो पाठवू नका.