गेर बघायला जायचं, पण खायचं कुठं?

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला इंदूरला जायचं एवढंच ठरलं होतं. तिकीट काढायच्या आधीच खाण्यावरून जुंपली. पक्याने रील बघून बघून मोबाइलमध्ये यादी करून आणली होती. सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्या, पोहे-जलेबी, गराडू, भुट्ट्याचा कीस, जोशींचा दहीवडा. सगळं एका दिवसात, आणि तोही नेमका गेरचा दिवस.

"आधी गराडू खोड," इंदूरकर म्हणाला. त्याचं आजोळ इंदूरच्या रामबागेतलं, त्यामुळे या विषयात आपला शब्द शेवटचा असं तो धरूनच चालतो. "गराडू म्हणजे थंडीतला कंद. तळायचा, वर जिरावण मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं. उन्हं तापली की त्याची मजा गेली."

"रीलमध्ये तर होता."

"रील डिसेंबरातली असेल, बाळा."

डॉक्टरांनी मधेच विचारलं, गेर म्हणजे नक्की काय, आपल्या धुळवडीसारखंच ना? इंदूरकर सरसावून बसला. म्हणे होळकरांच्या काळापासूनची रीत आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास टोरी कॉर्नर आणि आसपासहून मिरवणुका निघतात आणि राजवाड्यापुढून जातात. टँकरमधून रंगाचं पाणी, यंत्रांनी वरच्या मजल्यांपर्यंत उडवलेला गुलाल, लाखांनी माणसं. मार्गावरची दुकानं बंद, घरांच्या दर्शनी भागांवर आणि खुद्द राजवाड्यावरही प्लास्टिकची आच्छादनं. "आणि सराफा राजवाड्याला अगदी लागून," तो पक्याकडे वळून म्हणाला. "तिथे तू भर दुपारी दहीवडा शोधणार?"

"मग सराफा रद्द?"

"रद्द कशाला? आदल्या रात्री. तसाही तो रात्रीचाच. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. ती मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, ती रात्री दोनपर्यंत. सराफांनीच हे चालू दिलं असं सांगतात. रात्री वर्दळ राहिली की चोरांची भीती नाही."

हे कारण मला पटतं. खाणाऱ्यांच्या गर्दीइतका फुकटचा पहारा दुसरा नसेल.

मग दहीवड्याचं वर्णन सुरू झालं. द्रोण दह्यासकट हवेत उडवून झेलतात, आणि चिमटीत चार-पाच मसाले एकदम धरून एकेक वेगळा सोडतात. डॉक्टरांचं लक्ष चिमटीवरच अडलं. "तोच हात पैसे घेतो का?" त्यांनी विचारलं. इंदूरकर तापला. 2017 पासून आमच्या शहराचा स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर येतो, गेर सरली की महापालिकेची माणसं आणि यंत्रं लागलीच रस्त्यावर उतरतात, संध्याकाळी बघाल तर रंग खेळले होते का असं वाटेल, वगैरे वगैरे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रस्ता धुतला म्हणजे चटणीतलं पाणी उकळलं असं होत नाही." बरोबरच आहे. सराफ्यात गरम ते खावं. भुट्ट्याचा कीस कढईतून समोर वाढतात, जलेबाही कढईतला. मावा बाटी मात्र एक घेऊन चौघांनी वाटून खायची. गुलाबजामाच्या पोटात पुन्हा मावा आणि सुकामेवा भरलेला, एकट्याने संपवली तर पुढचं सगळं बुडालं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. "रात्री दोनपर्यंत तळलेलं, सकाळी पोहे, आणि त्या पोह्यांत बडीशेप. पोह्यात बडीशेप कोण घालतं?"

इथे खरं भांडण लागलं. इंदूरकर म्हणाला, "अण्णा, तुम्ही लोक पोहे कढईत परतता आणि दहा मिनिटांत त्यांचा चिवडा होतो. आमच्याकडे परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. शेवटच्या गिऱ्हाइकालाही मऊ मिळतात. वर शेव, कांदा, जिरावण. आणि नुसते नको असतील तर उसळ-पोहे घ्या. राजवाड्याच्या बाजूला तेच मागतात." उसळीचं नाव निघताच अण्णा जरा विरघळले. उसळ मराठी माणसांनीच तिथे नेली असणार, असं म्हणून त्यांनी श्रेय खिशात टाकलं.

पण खरा पेच डॉक्टरांनीच टाकला. गेर आटोपली, दुपार झाली, नखशिखांत रंग, पोटात कावळे. अशा माणसाला खुर्चीवर कोण बसवून घेणार?

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. पक्याचं म्हणणं, राजवाड्याजवळच लॉज घ्यायचं, म्हणजे पाच मिनिटांत आंघोळ. इंदूरकरच्या मते त्या दिवशी तिथून रिक्षा निघत नाही, पिशव्या घेऊन गर्दीत अडकाल. मला विचाराल तर पलासियाकडे, छप्पन दुकानाच्या आसपास उतरावं. गेरला जाताना-येताना थोडं चालावं लागेल, पण गर्दीतून बाहेर पडलं की आंघोळ करून माणसात येता येतं. आणि मग दाल-बाफले. बाटी नुसती भाजतात, बाफला आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. बरोबर डाळ, कढी, चटणी, लाडू. हे गेरच्या आधी खाल्लं तर राजवाड्यापर्यंत पाय उचलणार नाहीत. आंघोळीनंतर खाल्लं तर सरळ झोपता येतं.

"आणि अंड्याचं काही?" पक्याने हळूच विचारलं.

"छप्पनला जॉनी हॉट डॉगवर बेंजो मिळतो, पावात ऑम्लेट. पण सराफ्यात असलं विचारू नकोस, तिथे सगळं शाकाहारी."

तेवढ्यात इंदूरकरने पत्ता टाकला. गेरच्या दिवशी सकाळी सगळे त्याच्या मावशीकडे. रिकाम्या पोटी गर्दीत शिरायचं नाही, हा तिचा नियम. परत आलात तर अंगणात बादली आणि साबण, रंग उतरल्याशिवाय ताट नाही.

"मावशींचे पोहे कसे असतात?" अण्णांनी विचारलं.

"बडीशेप घातलेले."

बाकी सगळ्यांचे तिकिटाचे पैसे जमा झालेत. अण्णांचे अजून यायचेत.