पाहुण्यांना करी रोडला उतरवलं

परिषद शनिवारी संपली आणि रविवार मोकळा होता. माझ्याबरोबर मँचेस्टरहून आलेले दोघे सहकारी आणि पोलंडच्या वूच शहरातली एक संशोधक, अशा तिघांना मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गेटवे आणि घारापुरी आयोजकांनी आधीच उरकली होती. मी लालबागची, गिरण्यांच्या भागातली. त्यामुळे कुठे न्यायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

शंका घरच्यांना होती. आदल्या रात्री डोंबिवलीला भावाकडे जेवायला गेले, तर ताटावरच वाद पेटला. भाऊ म्हणाला, "ताई, कोस्टल रोडवरून ने, अटल सेतू दाखव. लालबागला काय आहे दाखवायला? चाळींचे फोटो काढतील आणि तिकडे जाऊन म्हणतील, बघा ही माणसं कशी राहतात." भाची कॉलेजात आहे, तिचं अगदी उलट. "आत्या, धारावीच दाखव. खरी मुंबई तीच." वहिनी वाढता वाढता म्हणाली, "जेवा आधी."

हा वाद आमच्याच घरातला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीला परदेशी पाहुणे मुंबईत आले, तेव्हा रस्त्याकडेच्या वस्त्यांसमोर पडदे आणि फलक उभे राहिले. मी तेव्हा मँचेस्टरला होते. ते फोटो बघून मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. पण भाचीचं म्हणणंही मला पटत नाही. पडदा लावणारा आणि वस्तीत सहल नेणारा, दोघांनाही तिथला माणूस म्हणजे बघायची वस्तू वाटतो. एकाला ती झाकायची असते, दुसऱ्याला दाखवायची. तो माणूस काम काय करतो, हे दोघेही विचारत नाहीत.

मी २४ वर्षं मँचेस्टरला राहते. तिथे पाहुणा आला की त्याला गिरणी दाखवतात. शहराबाहेर स्टायल गावात १७८४ साली सुरू झालेली क्वारी बँक मिल आहे. तिथले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आजही लोकांसमोर चालवतात. मालक ग्रेग कुटुंबाचा डॉमिनिका बेटावर गुलामांच्या मेहनतीवर चालणारा मळा होता, गिरणीत लहान मुलं राबत होती, हेही तिथे सांगतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या बाईंनी एक साचा सुरू केला आणि माझ्या पायाखालची फरशी हादरायला लागली. माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. आम्हा पोरांना भोंगा ऐकू यायचा, पण गेटच्या आत कधी जायला मिळालं नाही. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. गिरणी कामगाराची मुलगी मी, आणि साच्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो इंग्लंडात. तिथेच एका बाकावर बसून रडले.

म्हणून मँचेस्टरने सगळं बरोबर केलं, असं मी म्हणणार नाही. अँकोट्स भागातल्या जुन्या गिरण्या सुंदर राखल्यात. विटा तशाच, खिडक्या तशाच. पण आत महागडे फ्लॅट आहेत, आणि माझ्यासारखीला ते पगारातही परवडत नाहीत. इमारत वाचली, पण सूत कातणाऱ्यांचा मोहल्ला गेला. वूचच्या बाईंनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली, तीही तशीच. पोझनान्स्कीच्या प्रचंड कारखान्यात २००६ पासून मॉल आहे.

रविवारी सकाळी सीएसएमटीहून स्लो लोकल पकडली आणि करी रोडला उतरलो. मी त्यांना म्हटलं, आजची ही सुट्टी इथल्याच माणसानं मिळवून दिली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं मात्र मला सांगावं लागलं नाही. तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायरमध्ये उपासमार झाली आणि मुंबईचे व्यापारी गबर झाले, हे मँचेस्टरच्या माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. उपासमार सोसूनही तिथल्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला साथ दिली, त्यांच्या शहरात त्याचा पुतळा आहे तो त्यामुळेच. पुढे १८६५ साली युद्ध संपलं आणि मुंबईतले सट्टेवाले बुडाले, हे त्यांना नवीन होतं.

भारतमाता सिनेमावरून लालबागला वळलो. मसाला गल्लीत मिरच्या भाजल्याचा ठसका लागला आणि तिघेही शिंकत बाहेर आले. वर बघितलं तर सगळीकडे टॉवर. अधूनमधून गिरणीची एखादी धुराची चिमणी. वूचच्या बाईंनी विचारलं, "यातली आतून बघता येईल अशी गिरणी कुठली?" मी गप्प झाले. एकही नाही.

याचं दुःख मला चाळींच्या दर्शनापेक्षा कितीतरी जास्त होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहरासाठी मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीनं त्या वाटणीत फक्त मोकळी पडलेली जमीन उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. आज कामगारांना घर द्यायची गोष्ट निघाली की शेलू-वांगणीची नावं येतात. ज्यानं परळमध्ये आयुष्य घातलं, त्यानं म्हातारपणी बदलापूरच्या पुढे जाऊन राहायचं? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं किती वर्षं चाललंय. ते व्हायलाच हवं. पण अँकोट्स बघितल्यामुळे सांगते, संग्रहालय लालबागला आणि कामगार वांगणीला, असं करू नका. दोन्ही इथे हवीत.

शेवटी नानांकडे गेलो. नाना वडिलांबरोबर साचेखात्यात होते, आता ऐंशीच्या घरात. दहा बाय बाराची खोली, दारात तुळस, आत पाच जणांचा संसार. त्यांना कमी ऐकू येतं. साच्यांनी कान घेतले. समोरच्याच्या ओठांकडे बघत ते बोलणं समजून घेतात. माझा सहकारी एकदम पुढे सरकला. त्याची आजी बर्नलीला विणकर होती. लँकेशायरच्या बायका गोंगाटात आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या, त्याला तिकडे मी-मॉइंग म्हणतात. आजी घरीही तशीच बोलायची. त्यानं ते करून दाखवलं. नानांना इंग्रजी येत नाही, पण ते खळखळून हसले आणि हातवारे करत आपलं सांगू लागले: तार तुटली, जॉबर (मुकादम) आला, पाळी सुटली.

मग नानांनी मूठ तोंडाशी नेली, ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला. मागात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो दोरा तोंडानं असाच ओढायचे. सहकाऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या आजीनंही तेच केलं होतं. इंग्लंडात १९५२ मध्ये त्यावर बंदी आली. नाना त्यानंतर कित्येक वर्षांनी कामाला लागले.

चहा झाला. मी नानांच्या समोर बसून, ओठ नीट दिसतील अशी, सावकाश क्वारी बँकबद्दल सांगितलं.

"तिकडे साचे अजून चालतात?" नानांनी विचारलं. "चालवतं कोण?"

"तिथली माणसं, नाना. बघायला येणाऱ्यांना दाखवतात."

नाना थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथं पण एक आणून ठेव म्हणावं. जिने नकोत फक्त, तळमजल्यावर ठेवा. मी चालवून दाखवतो."