अळीला सवय होत नाही

गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की ‘अळीला बीटीची सवय झाली’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. बीटी कपाशीत एका जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारणारे विष तयार होते, म्हणून तिचे बोंड पोखरणारी साधी अळी मरते. ती काही शिकत नाही आणि पुढच्या पिढीला काही सांगतही नाही. मात्र लाखोंत एखाद्या अळीच्या जनुकांत निव्वळ योगायोगाने असा फरक जन्मतःच असतो की, ते विष तिच्या आतड्याला बाधत नाही. बाकीच्या मरतात, हिची संतती उरते. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे तरीही किडली. अळीचा स्वभाव पालटला नव्हता. शिवारातील अळ्यांची लोकसंख्या पालटली होती. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

शब्दाचा हा आग्रह मी धरतो, कारण सवय म्हटले की अधिक जहाल फवारणी सुचते, आणि निवड म्हटले की आपण कोणाला जगू दिले, हा प्रश्न पडतो. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे, ती याच प्रश्नाचे उत्तर होती. गुलाबी अळीतील प्रतिकारशक्ती बहुतांशी अप्रभावी गुणाची, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो जनुक आला तरच अळी तगते. अशा तगलेल्या अळीच्या पतंगाचा कडेच्या बिगर-बीटी ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला, तर त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याने ती पुडी बाजूला ठेवली, तर मी त्याला दोष देणार नाही. अळ्या पोसायला ओळी का द्यायच्या, हे त्याला कोणी नीट समजावलेच नाही. दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, तो यवतमाळच्या वर्गात कपाशीच्या बोंडावरूनच शिकवला जावा, असे मला कळकळीने वाटते.

हिरव्या बोंडअळीला, म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीला, तूर आणि हरभऱ्यासारखी कितीतरी पिके चालतात, त्यामुळे तिच्या साध्या अळ्या बीटीबाहेर आपोआप टिकून राहिल्या. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हंगाम संपल्यावर फरदड राखली, म्हणजे तीच कपाशी पुढे उभी ठेवली, की तिला त्याच विषाखाली आणखी एक-दोन पिढ्या मिळतात.