पाच बाय सातचं बाथरूम, उंबरा आणि दीड मीटरचं वर्तुळ

नमस्कार दादा,

सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, पाच बाय सात फुटांत कमोड बसवल्यावर ते उरत नाही, म्हणून एवढ्या जागेत व्हीलचेअरचं बाथरूम 'होतं' म्हणणं म्हणजे लोकांना खोटी आशा लावणं, हा पहिला. उंबरा काढला की पाणी हॉलमध्ये येणार, हा दुसरा. साडेचार इंची भिंतीत ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायची दांडी, टिकत नाही, त्यापेक्षा रबरी कपाने चिकटणारा सक्शनचा बरा, हा तिसरा. आणि मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये व्हीलचेअरवरच्या तुमच्या आईंसाठी काम काढावं की नाही, हा तुमचा खरा प्रश्न.

दीड मीटरचं वर्तुळ सार्वजनिक जागांच्या निकषांत आहे आणि तिथे ते हवंच. तिथे कोण, कुठली खुर्ची घेऊन येईल आणि डावीकडून सरकेल की उजवीकडून, हे कुणालाच आधी माहीत नसतं. घरात माणूस एक, खुर्ची एक, आणि सरकायची बाजूही ठरलेली. त्यामुळे आत वळायची गरजच पडणार नाही अशी मांडणी करता येते: खुर्ची उलटी आत न्यायची, सरळ बाहेर आणायची.

दार पाच फुटी भिंतीत डावीकडे आहे असं धरू. कमोड समोरच्या भिंतीला, उजव्या कोपऱ्यात. त्याचा मध्य उजव्या भिंतीपासून 18 इंचांवर. कमोडची रुंदी साधारण 15 इंच, म्हणजे त्याच्या डावीकडे 34 इंच मोकळे राहतात. नेहमीची घडीची खुर्ची बाहेरून बाहेर 25-26 इंच. ती पाठीमागून आत आणली की कमोडशेजारी त्याच दिशेला तोंड करून उभी राहते. खुर्चीचा बाजूचा हात काढता येत असेल, तर मधे फळी टाकून आडवं सरकता येतं.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. जागा वाचते म्हणून भिंतीत लपवलेल्या टाकीचं, भिंतीला टांगलेलं कमोड घेतलं जातं. ते भिंतीपासून जेमतेम 20-22 इंच पुढे येतं. खुर्चीची मागची मोठी चाकं मात्र भिंतीला टेकतात, म्हणून तिची बैठक भिंतीपासून दहा-अकरा इंच सोडून सुरू होते आणि 27-28 इंचांवर संपते. दोन्ही बैठका पुढेमागे झाल्या की माणसाला तिरकं मागे सरकावं लागतं, आणि तिथेच पडायची भीती असते. मागे टाकी असलेलं, 27-28 इंच पुढे येणारं साधं कमोड या कामाला जास्त योग्य आहे.

वर्तुळापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो काम काढायच्या आधी सुटला पाहिजे. आई खुर्चीवरून कमोडवर सरकणार, की बैठकीला भोक असलेल्या चाकाच्या शॉवर-कमोड चेअरवर खोलीतच बसून तशाच आत येणार? दोन्हींसाठी बाथरूम वेगळं होतं, काही बाबतींत तर अगदी उलटं. सरकायचं असेल तर कमोडची बैठक खुर्चीच्या उंचीला, म्हणजे 18-19 इंचांवर हवी. गादीसकट उंची मोजा, तीही आई बसलेल्या असताना, कारण गादी दबते. शॉवर-कमोड चेअर कमोडवरून मागे न्यायची असेल, तर कमोड उंच करून चालत नाही. खुर्चीची खालची चौकट कमोडच्या कडेला अडकते, मग नवं कमोड फोडून परत जुन्या उंचीचं बसवायची वेळ येते. या पद्धतीत कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 12-13 इंच मोकळे लागतात आणि जमिनीवर बारचा खांब अजिबात नको. आईंच्या हातांत जोर किती, उचलणारं माणूस घरात रोज असतं का, यावर हे ठरतं. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून ही एकच गोष्ट ठरवून घ्या. बाकी गवंडी करतो.

दाराबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण बरीच कामं तिथेच फसतात. अडीच फुटी दार म्हणतात ते चौकटीच्या बाहेरून बाहेर. दोन्ही बाजूंच्या चौकटीचे चार-साडेचार इंच गेले, उघड्या पल्ल्याची जाडी सव्वा इंच गेली, उरले 24. पंचवीस इंची खुर्ची त्यातून जातच नाही. समोरून सरळ येता येत असेल तर 30 इंच निव्वळ मोकळे ठेवा. तीन फुटी बोळातून वळून आत शिरायचं असेल तर 34. पल्ला बाहेर उघडणारा किंवा बाहेरच्या भिंतीवरून सरकणारा असावा. आत उघडणाऱ्या दाराला माणूस आत पडलं तर बाहेरून ढकलताही येत नाही. त्याच कारणासाठी कडी बाहेरूनही उघडेल अशी घ्या.

आता पाणी. ही काळजी रास्त आहे, कारण उंबरा काढून बाकी फरशी तशीच ठेवली तर पाणी बाहेर येणारच. उंबऱ्याचं काम फरशीच्या ढाळाने करायचं असतं, म्हणून फरशी काढल्याशिवाय उंबरा काढू नये. तुमच्यासारख्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो कोबा काढून नवीन असा भरायचा की दाराशी फरशी बाहेरच्या फरशीच्या पातळीला येईल आणि तिथून समोरच्या भिंतीकडे एकाच दिशेने उतरेल. सात फुटांत एक इंच उतार पुरतो. दोन इंच दिलात तर ब्रेक न लावलेली खुर्ची आपोआप मागे सरकते.

एकाच दिशेने, हे गवंड्याला दोनदा सांगा. हाताची सवय अशी की मोरीच्या नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या भोकाकडे, चारी बाजूंनी ढाळ काढायचा. त्या फरशीवर खुर्चीची चार चाकं एका पातळीत येत नाहीत. एक चाक अधांतरी राहतं आणि सरकताना खुर्ची डुगडुगते. त्याऐवजी समोरच्या भिंतीलगत, कमोडच्या डावीकडे, अडीच फूट लांब जाळीची नाली आणि तिला तीन इंची पाइप. नाली बसल्यावर टाइल लावण्याआधी मोकळी खुर्ची आत फिरवून प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी घालून बघा. पट्टी अलगद निघाली की ते चाक टेकलेलं नाही.

एवढं करूनही बादली एकदम ओतली की पाणी दारापर्यंत उसळतं. म्हणून दारात आडवी दोन इंच रुंदीची दुसरी नाली घाला, तिचा पाइप पहिल्या नालीच्याच ट्रॅपला. जाळीच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नकोत, आणि त्या चाकाच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत पुढचं छोटं चाक अडकतं, खुर्ची जागेवर थांबते आणि बसलेलं माणूस पुढे जातं. नाली जमत नसेल तर दारात दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, गोल कडेची ग्रॅनाइट पट्टी ठेवा. चाक तिच्यावरून सहज जातं. टाइल खरखरीत, न घसरणारी, आर-11 प्रतीची.

वॉटरप्रूफिंग भिंतीवर एक फूट, अंघोळीच्या बाजूला सहा फूट चढवा आणि दाराखालून बाहेर सहा इंचांपर्यंत न्या. दाराच्या रेषेवर तोडलं तर पाणी फरशीखालून हॉलच्या भिंतीत शिरतं आणि पावसाळा संपायच्या आत रंग फुगतो. मग पाणी साठवून 48 तास ठेवायची चाचणी. उंबरा नाही म्हणून ही चाचणी गाळली जाते आणि खालच्या फ्लॅटचं छत गळायला लागल्यावर आठवते. दारात विटेचा तात्पुरता बांध घाला, सिमेंटने लिंपा, पाणी भरा, पातळीची खूण करा. जुना कोबा फोडायला ब्रेकर मशीन लावू देऊ नका. छिन्नी-हातोडीने वेळ लागतो, पण खाली फक्त चार-पाच इंचांचा स्लॅब आहे.

स्लॅब खाली घेतलेला नसेल तर आतली फरशी उतरवता येत नाही. मग बाहेर रॅम्प: दोन इंच चढाला दोन फूट लांबी. पेठांतल्या तळमजल्यावरच्या घरांत खोदायला मोकळीक असते, पण आधी बाहेरच्या चेंबरची पातळी मोजा. फरशी उतरवली आणि चेंबर उथळ निघालं तर सांडपाणी आत फिरतं. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात 2019 आणि 2021 नंतर तरी पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असायलाच हवा.

सक्शनचा बार मात्र नको. टाइलच्या सांध्यातून किंवा खरखरीत पृष्ठभागावरून हवा शिरते आणि कधी सुटेल ते कळत नाही. हातात येतो तेव्हा माणसाचा सगळा भार त्याच्यावर असतो. टॉवेलच्या दांडीचंही तेच. साडेचार इंची विटेत नुसते स्क्रू टिकत नाहीत हे तुमचं खरं. तिथे 10 मिमीचे बोल्ट भिंतीतून आरपार आणि पलीकडे, बेडरूमच्या बाजूला, चार बाय चार इंच, 6 मिमी जाडीची लोखंडी पाटी. उजव्या भिंतीचा बार बैठकीच्या वर आठ इंच, भिंतीपासून दोन इंच सुटा. डावीकडे वर उचलून ठेवता येणारा, म्हणजे सरकताना आड येत नाही. सरकायची पद्धत ठरली असेल आणि मागची भिंत कच्ची किंवा पांढऱ्या मातीची असेल, तर बार जमिनीत उभ्या खांबावर घ्या. त्यासाठी एक फूट लांब-रुंद आणि सहा इंच जाड काँक्रीटचा ठोकळा कोब्याबरोबरच ओतून घ्या. फरशी झाल्यावर भोकं पाडलीत तर वॉटरप्रूफिंगलाच भोक पडतं. बार शिवाजी उद्यमनगरात मापाने बनवून मिळतो: 304 प्रतीचं स्टील, बाहेरून सव्वा ते दीड इंच व्यास, आणि पॉलिश आरशासारखं नको, मॅट. ओल्या साबणाच्या हाताला चकचकीत पाइप धरवत नाही. बसवल्यावर दोन माणसांनी मिळून पूर्ण वजन टाकून बघा, आईंनी पहिल्यांदा धरायच्या आधी.

गरम पाण्याबद्दल एवढं जरूर बघा. पायांना संवेदना कमी असेल तर चटका लागलेला कळतच नाही, फोड आल्यावर दिसतो. गिझर 50 अंशांवर ठेवा आणि बादलीत आधी गार, मग गरम पाणी. आपोआप तापमान राखणारा मिक्सर घ्यायचा तर दुकानात किमान दाब विचारा. टाकी नळाच्या दहा फूट वर असेल तर दाब फक्त 0.3 बार मिळतो, आणि यातले बरेच मिक्सर त्यावर नीट चालत नाहीत. गिझरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

आता काम काढावं की नाही. खुर्ची बॅटरीची असेल, किंवा दाराला लागूनच कॉलम असेल, तर पाच बाय सातमध्ये हे बसत नाही आणि कुणी बसवून देतो म्हणाला तरी ऐकू नका. संडास आणि बाथरूम वेगळे असतील तर मधली भिंत काढून एक करा, पण ती भिंत वरचं काही पेलत नाही ना, हे इंजिनिअरला दाखवून. यातलं काही आड येत नसेल तर काम जरूर काढा. पैसे एकदम नसतील तर आधी दार रुंद करा आणि शॉवर-कमोड चेअर घ्या, उंबऱ्यावर तोवर सुटा रॅम्प. फरशीचं काम पावसाळा सोडून काढा. कमोड शेवटी बदललं तरी चालतं, फक्त नव्या कमोडच्या पाइपची जागा फरशीच्या वेळीच ठरवून घ्या.

खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी, दाराचं निव्वळ मोकळं माप, बोळाची रुंदी आणि आई कोणत्या बाजूला सहज सरकतात, एवढं कळवा. हॉलमध्ये खडूने पाच बाय सातची चौकट आखून, कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवून आईंना एकदा उलटं आत येऊन बघायला सांगा, आणि त्याचा फोटो पाठवलात तर कमोडचा मध्य नेमका कुठे घ्यायचा ते सांगतो.