रेग्युलेटरखाली वॉशर टाकल्याने ट्रकची ओढ वाढत नाही

बीड, जालना, लातूर या पट्ट्यातल्या चालक-मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. कॉमन रेल ट्रक (ज्यात सिलिंडरांत डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) घाटात ओढत नसेल तर पंप कमजोर झाला असे समजावे, रेलवरच्या रेग्युलेटरच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकावा म्हणजे दाब, ओढ आणि अ‍ॅव्हरेज तिन्ही वाढतात. टाकीत थोडे रॉकेल मिसळले की पंप स्वच्छ राहतो. नवे डिझेल शुद्ध असल्याने फिल्टरमधले पाणी काढण्याची गरज उरलेली नाही. आणि गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून पाहावा, असे त्यात लिहिले आहे. मी अनेक वर्षे डिझेल पंपांचेच काम करतो आणि यातले एकही वाक्य बरोबर नाही, हे कारणांसह सांगणे मला आवश्यक वाटते.

मुळात रेग्युलेटर दाब तयार करत नाही. टाकीतले डिझेल फिल्टरमधून ओढून आणण्याचे काम फीड पंप करतो. तेथून ते मुख्य पंपाच्या प्लंजरपर्यंत (दाब देणाऱ्या दांड्यांपर्यंत) किती जाऊ द्यायचे हे पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह ठरवतो, आणि प्लंजर ते रेलमध्ये दाबून भरतात. रेलवरचा सेन्सर दर क्षणाचा दाब ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो आणि ईसीएम त्यानुसार मीटरिंग व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, साधारण ३०० बार आणि भरल्या लोडवर १६०० बार किंवा त्याहून अधिक दाब या एका साखळीतून सांभाळला जातो. ट्रकच्या टायरमध्ये हवा सुमारे ८ बार असते, यावरून त्याची कल्पना यावी. संदेशात ज्याला रेग्युलेटर म्हटले आहे तो बहुतेक ट्रकांत रेलच्या टोकाला बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह असतो आणि दाब मर्यादेबाहेर गेला तरच तो उघडतो. जो व्हॉल्व्ह रोजच्या चालण्यात बंदच असतो, त्याची स्प्रिंग कडक केल्याने दाब कसा वाढणार? दाब किती हवा हे ईसीएमने ठरवलेले असते, आणि ते वॉशरमुळे बदलत नाही.

तरीही काहींना फरक पडल्याचे जाणवते, आणि ते खोटे बोलत नाहीत. त्या व्हॉल्व्हची सीट (तो जिथे टेकून बंद होतो ती जागा) झिजली असेल तर डिझेल तेथून रिटर्नला, म्हणजे परत टाकीकडे, निघून जाते आणि रेल भरत नाही. वॉशरमुळे ती गळती काही दिवस दाबली जाते. पण पुढे कधी मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला आणि दाब मर्यादेपलीकडे गेला, तर त्याला बाहेर पडायची वाट वेळेवर उघडत नाही आणि तो सगळा ताण रेल, पाइप आणि इंजेक्टर सोसतात. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलणे हाच इलाज आहे. जुन्या इनलाइन पंपात डिझेलचे प्रमाण सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढायचे, धूर वाढायचा आणि ओढही वाढायची. माझ्या मते ही सवय तेथूनच आली आहे. अ‍ॅव्हरेज तर तेव्हाही वाढत नव्हते.

ओढ कमी झाली म्हणजे पंप गेला, हेही घाईचे अनुमान आहे. जालन्याहून सळई भरून सोलापूरकडे निघालेला एक ट्रक बीड सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटात दम सोडायचा आणि सपाटीवर मात्र नीट चालायचा. मालक पंप उतरवायच्या तयारीने आले होते. मी फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि इंजिनाचा वेग वाढवला, तेव्हा डिझेलबरोबर बारीक बुडबुडे सलग वाहताना दिसले. टाकीकडून येणारी रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. या भागात पंप डिझेल शोषून घेत असतो, त्यामुळे तेथून डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणूनच खाली डाग पडलेला नसतानाही गाडी एअर घेत असते. नळी बदलली आणि पंपाला हात लावावा लागला नाही.

रॉकेलाविषयी अधिक कळकळीने सांगतो. सुटे भाग आम्हीही रॉकेलात धुतो, पण धुणे वेगळे आणि चालवणे वेगळे. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी असते आणि तेथे डिझेलखेरीज दुसरे वंगण नसते. एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फार तर १० भाग असते. ते काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळे द्रव्य मिसळावे लागते. त्यात पातळ रॉकेल ओतले की तो गुण पुन्हा कमी होतो. अशा गाडीचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून पाहिला तर कधी त्याच्या जाळीवर चांदीसारखी बारीक भुकटी चिकटलेली दिसते. ते पंपाचेच झिजलेले लोखंड असते, आणि पुढे ते रेलमधून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत जाते.

डिझेल शुद्ध असते म्हणून पाणी काढू नये, हे तर उघडच चूक आहे, कारण बीएस-६ मधला तो आकडा गंधकाचा आहे, तुमच्या टाकीत साचणाऱ्या पाण्याचा नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिले डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि तासभर ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

चालू इंजिनावर नट ढिला करण्याचा सल्ला मात्र कोणीही, एकदाही मानू नये. जुन्या पंपावर आम्ही सगळे तसे करत होतो. कॉमन रेलमध्ये त्या नटाखालून निघणारी धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत डिझेल पसरून हाताचे मांस सडू लागते आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी धार लागलेल्या माणसाने दुखत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे. मिसिंग शोधायचे असेल तर स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून पाहता येतो, किंवा इंजिन बंद असताना इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून मग ते काही मिनिटे चालवता येते. जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तिचा इंजेक्टर आधी तपासावा.